‘सुरी लागली की पसरतो’ : एका भीतीचा शोधनिबंधांतून घेतलेला मागोवा

कॅन्सरच्या गाठीला सुरी लावू नये, लावली की तो अंगभर पसरतो, ही समजूत आपल्याकडे खेड्यातल्या ओसरीवर ऐकू येते तशी शहरातल्या सुशिक्षित दिवाणखान्यातही ऐकू येते. कोणी म्हणते आतल्या गाठीला हवा लागते, कोणी म्हणते मूळ चाळवते. डॉक्टर मंडळी हे अडाणीपणाचे बोलणे म्हणून उडवून लावतात, आणि त्यांचे चुकत नाही. या भीतीपोटी शस्त्रक्रिया लांबवणाऱ्या बाईची सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होते, मग काखेत उतरते, आणि मग इलाज हाताबाहेर जातो.

तरीही गेली पासष्ट-एक वर्षे हाच प्रश्न, फार वेगळ्या आणि नेमक्या शब्दांत, जगातल्या नामवंत प्रयोगशाळा आणि रुग्णालये विचारत आली आहेत. गाठ काढताना शरीराला जी जखम होते, तिच्यामुळे इतरत्र लपलेल्या चुकार कॅन्सरपेशींना जोर मिळतो का? मिळत असेल, तर शस्त्रक्रियेच्या आगेमागे एखादे औषध देऊन तो रोखता येईल का? या दोन्ही प्रश्नांवरची महत्त्वाची उत्तरे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आलेली आहेत. मराठीत त्यांची बातमी झाली, समीक्षा झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

मी वैद्यकाची पदवीधर नाही. संख्याशास्त्र जुनी पाठ्यपुस्तके मिळवून स्वतःच शिकले आणि वीसेक वर्षे वैद्यकीय शोधनिबंध कादंबरी वाचावी तसे, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वाचत आले. बहुतेक लोक निबंधाच्या माथ्यावरचा दहा-बारा ओळींचा सारांश वाचून थांबतात. प्रस्तुत लेखाचे कारण एवढेच की या विषयात सारांश एक सांगतो आणि आतला तक्ता कधीकधी दुसरेच सांगतो.

आधी एक आकडा डोळ्यांपुढे असू द्यावा. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात कॅन्सरच्या निराधार रुग्णांसाठी वेगळा कक्ष होता. तिथे १८०५ ते १९३३ या काळात आलेल्या, स्तनाच्या कॅन्सरवर कोणताही उपचार न झालेल्या २५० स्त्रियांच्या नोंदी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केल्या. पाच वर्षांनी त्यांतल्या १८ टक्के हयात होत्या, दहा वर्षांनी जेमतेम ४ टक्के. सुरी न लावलेला कॅन्सर कसा वागतो याचे हे उत्तर. यापुढचे सगळे वाचताना ते विसरून चालणार नाही.

आता पिट्सबर्गकडे वळू. १९५९ साली बर्नार्ड आणि एडविन फिशर या दोघा भावांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. त्यांनी उंदरांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत अवघ्या पन्नास कॅन्सरपेशी सोडल्या. पाच महिन्यांनी पाहिले तर यकृतात गाठ नाही. पण ज्या उंदरांची पोटे तीन महिन्यांनंतर पुन्हापुन्हा उघडून यकृत हाताळले गेले, त्या सगळ्यांना काही आठवड्यांतच गाठी झाल्या. पेशी मेलेल्या नव्हत्या, निजलेल्या होत्या. हा प्रयोग करणारे बर्नार्ड फिशर पुढे स्तनाच्या कॅन्सरमधले सर्वांत प्रभावी शल्यविशारद ठरले आणि त्यांनी आयुष्य वेचले ते शस्त्रक्रिया लहान करण्यासाठी. छातीच्या स्नायूंसकट सगळे खरवडून काढण्याची हॉलस्टेडची पद्धत ऐंशी वर्षे प्रमाण मानली जात होती. तिने आयुष्य वाढत नाही, हे १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या चाचणीने दाखवले. चाचणीतल्या स्त्रियांना कोणती शस्त्रक्रिया मिळणार हे सर्जनने ठरवले नाही, चिठ्ठीने ठरवले.

हा चिठ्ठीचा मुद्दा पुढे वारंवार येणार आहे. मराठी वैद्यकीय लेखनात त्याला ‘यादृच्छिकीकरण’ म्हणतात. हा शब्द वाचून कोणाला काही कळत असेल असे मला वाटत नाही. चिठ्ठी टाकणे म्हणावे. घराच्या वाटणीत भावाभावांचा एकमेकांवर विश्वास नसला की चिठ्ठ्या टाकतात, तेच तत्त्व. डॉक्टरच्या मनात कुठल्या रुग्णाविषयी काय आहे, याचा वाटणीवर परिणाम होऊ नये.

उंदरांवरून माणसांवर यायला बराच काळ गेला. मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले रोमानो देमिकेली यांनी १९९६ साली, केवळ स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या १,१७३ स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. रोग उलटण्याचा धोका सरळ उतरत जात नव्हता. त्याला दोन उंचवटे होते, एक शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्षाने, दुसरा पाचव्या वर्षाच्या सुमारास. पहिला उंचवटा म्हणजे शस्त्रक्रियेने जागे केलेले कॅन्सर, असे अनुमान देमिकेली आणि अमेरिकेतले मायकेल रेट्स्की यांनी काढले. कथा म्हणून हे फारच आकर्षक आहे, आणि म्हणूनच मला ते वाचताना पाय रोवून उभे राहावेसे वाटते. या ११७३ जणींत शस्त्रक्रिया न झालेली एकही नाही. मग दीड वर्षाचा उंचवटा शस्त्रक्रियेने आणला, की गाठ सापडली त्या टप्प्यावर बाहेर पडून गेलेल्या पेशींना दिसण्याजोगे वाढायला एरवीही तेवढाच वेळ लागला असता? रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसेल. तुलनेला दुसरी बाजू नसलेला आलेख कितीही सुबक असला तरी कारण सांगू शकत नाही.

ती दुसरी बाजू परळला तयार झाली, आणि तीही वेगळ्याच प्रश्नाच्या निमित्ताने. काही स्त्रिया रुग्णालयात येतात तेव्हाच त्यांचा रोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात गेलेला असतो. अशांची स्तनातली मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते का? जुन्या नोंदी चाळून लिहिलेले पाश्चात्त्य निबंध ‘वाढते’ म्हणत होते. अर्थात त्या नोंदींत सर्जनने शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या बायका मुळातच धडधाकट होत्या. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांची चिठ्ठी टाकून वाटणी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुष्यमान १९.२ महिने, न झालेल्यांचे २०.५. म्हणजे फरक नाही. बातमी इथे संपली. पण आतल्या तक्त्यात आणखी एक आकडा आहे: शस्त्रक्रिया झालेल्या गटात शरीरात इतरत्र असलेला रोग अधिक लवकर बळावला, धोक्याचे गुणोत्तर १.४२. माझ्या समजुतीप्रमाणे, माणसाच्या शरीरात शस्त्रक्रियेचा दूरच्या पेशींवर परिणाम होत असावा याचा हा आजवरचा सर्वांत सबळ इशारा आहे, कारण इथे तुलनेला शस्त्रक्रिया न झालेला गट आहे आणि तो चिठ्ठीने पडलेला आहे.

इशाराच म्हणते, पुरावा म्हणत नाही. चाचणीचा मुख्य प्रश्न आयुष्याचा होता, हे मोजमाप दुय्यम होते. आणि या स्त्रियांचा रोग आधीच पसरलेला होता. ज्यांचा रोग स्तनापुरता आणि काखेपुरता आहे, त्यांना शस्त्रक्रियेवाचून पर्याय काय असतो ते मिडलसेक्सच्या २५० जणींनी सांगून ठेवले आहे. गावातल्या समजुतीला या निबंधाचा आधार देणे म्हणजे पुराच्या पाण्याचा दाखला देऊन शेताला पाणीच देऊ नका म्हणण्यासारखे होईल.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कदाचित’ एवढे मिळाले की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. शस्त्रक्रियेच्या त्या थोड्या तासांत औषध द्यायचे ते कोणते? इथे गेल्या वीस वर्षांतला एक नमुनेदार क्रम दिसतो. आधी जुन्या नोंदींतून एक छोटा, उत्साहवर्धक निबंध येतो. मग त्यावर व्याख्याने होतात, तज्ज्ञ आपली मते बदलतात. मग दहा-बारा वर्षांनी चिठ्ठी टाकून केलेली मोठी चाचणी येते आणि सगळे विरून जाते.

भूल देण्याच्या पद्धतीचे हेच झाले. २००६ साली १२९ स्त्रियांच्या नोंदींवरून असे दिसले की पूर्ण भुलीबरोबर पाठीच्या कण्याशेजारी बधिर करणारे औषध दिले, तर तीन वर्षांनी ९४ टक्के रोगमुक्त राहतात, आणि पूर्ण भूल व मॉर्फिन दिलेल्यांपैकी ७७ टक्के. सतरा टक्क्यांचा फरक! एवढा फरक महागड्या केमोथेरपीलाही साधत नाही, हे पाहूनच शंका यायला हवी होती. डॅनियल सेसलर यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या देशांत मिळून २,१०८ स्त्रियांवर चाचणी झाली, ती २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. रोग उलटण्याचे प्रमाण एका गटात १० टक्के, दुसऱ्यातही १० टक्के.

केटोरोलॅकची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे, कारण तिच्यात रोगाचे भविष्य सांगणारी खूण आणि औषध या दोन्ही धाग्यांची गाठ पडते. केटोरोलॅक हे शस्त्रक्रियेनंतर सर्रास टोचले जाणारे वेदनाशामक. बेल्जियमचे भूलतज्ज्ञ पॅट्रिस फोर्जे यांनी २०१० मध्ये ३२७ स्त्रियांच्या नोंदींवरून मांडले की ज्यांना ते मिळाले, त्यांचा रोग कमी उलटला. खूण होती रक्तातल्या दोन पांढऱ्या पेशींचे प्रमाण: न्यूट्रोफिल भागिले लिंफोसाइट. सीबीसीचा अहवाल आज घरोघरी असतो, तो काढून कोणीही हा भागाकार करू शकतो. दाह वाढला की हा आकडा वाढतो. २०१४ सालच्या एका एकत्रित आढाव्यात शंभर अभ्यासांतल्या चाळीस हजारांवर रुग्णांत, आकडा जास्त असलेल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट दिसला. रोगाचे भविष्य सांगणारी खूण म्हणून ती खरी आहे. अडचण अशी की किती म्हणजे जास्त, याची रेषा प्रत्येक अभ्यासाने आपापली आखली होती. बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढले तर नेम चुकत नाही.

फोर्जे यांचे मोठेपण असे की ते आपल्या कल्पनेच्या प्रेमात थांबले नाहीत, त्यांनी स्वतःच तिची परीक्षा घेतली. ज्यांचा हा भागाकार ४ किंवा अधिक आहे, किंवा काखेतल्या गाठींत रोग आहे, किंवा ज्यांचा कॅन्सर कोणत्याच संप्रेरकाला दाद देत नाही अशा प्रकारचा आहे, अशा २०३ स्त्रियांची चिठ्ठीने वाटणी केली. अर्ध्या जणींना शस्त्रक्रियेआधी ३० मिलिग्रॅम केटोरोलॅक, अर्ध्या जणींना मिठाचे पाणी. २०१९ मध्ये निकाल छापला: दोन वर्षांनी केटोरोलॅक गटात ८३.१ टक्के रोगमुक्त, मिठाच्या पाण्याच्या गटात ८९.७ टक्के. फरक योगायोगाच्या मर्यादेत, पण दिशा उलटी. ज्याच्या नावावर कल्पना आहे त्यानेच तिचा नकार छापणे, हे मला या सगळ्या वाङ्मयातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते. धोका सांगणारी खूण आणि औषधाचा उपयोग सांगणारी खूण या निराळ्या गोष्टी आहेत. ढग पाहून पाऊस येणार हे कळते, ढग हटवून पाऊस थांबत नाही.

इथे जरा भाषेविषयी. ‘प्रॉग्नोसिस’ला आपण ‘पूर्वानुमान’ म्हणतो, हवामान खात्यासारखे. चरकसंहितेत याहून नेमकी शब्दसंपदा आहे: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. यांतला ‘याप्य’, म्हणजे उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा आणि थांबले की उसळणारा रोग, हा शब्द आजच्या कित्येक कॅन्सरना चपखल बसतो आणि कोणी वापरत नाही. मात्र एक भेद आहे. चरकाचा वैद्य समोरच्या एका माणसाच्या रोगाविषयी निवाडा देतो. ‘पाच वर्षांत ८३ टक्के’ हा निवाडा शंभर जणांच्या घोळक्याविषयी असतो, त्यातल्या कोणा एकीविषयी नसतो. ही गल्लत मी डॉक्टरांनाही करताना ऐकले आहे.

आता परळच्या दोन औषधचाचण्या. त्यांचे मूळ लंडनमध्ये आहे. तरुण बडवे गाइज रुग्णालयात असताना, १९९१ साली, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २४९ स्त्रियांच्या नोंदी मासिक पाळीच्या दिवसांशी ताडून पाहिल्या. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात, इतर दिवशी झालेल्यांपैकी ८४ टक्के. हाही जुन्या नोंदींचाच निबंध. पुढे अमेरिकेत आठशेहून अधिक स्त्रियांची आधीपासून नोंद ठेवून पाहणी झाली, २००९ मध्ये तिने फरक नाही असे सांगितले. पण दरम्यान बडव्यांनी प्रश्नच बदलला होता. दिवस मोजत बसण्यापेक्षा पाळीच्या उत्तरार्धात वाढणारे प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच दिले तर? एक हजार स्त्रिया, शस्त्रक्रियेआधी ५ ते १४ दिवस एकच ५०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन किंवा काहीच नाही. निकाल २०११ मध्ये: पाच वर्षांनी रोगमुक्त ७३.९ टक्के विरुद्ध ७०.२. सिद्ध झाले असे म्हणण्याजोगा फरक नाही. मात्र काखेत रोग गेलेल्या ४७१ जणींत ६५.३ विरुद्ध ५४.७.

हा निबंध दोन प्रकारे सांगता येतो. भारतात तो बहुधा दुसऱ्या आकड्यापासून सांगितला जातो. माझा आग्रह पहिल्यापासून सुरुवात करण्याचा आहे. हजार जणींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असताना त्यांतल्या एका भागात ‘हो’ सापडणे म्हणजे पुढच्या चाचणीचे आमंत्रण, उपचाराची परवानगी नव्हे. औषध स्वस्त आहे, त्याचा हा उपयोग भारतीय डॉक्टरांनी सुचवला आहे, कंपन्यांचा त्यात फायदा नाही, म्हणून आपले मन त्याच्याकडे झुकते. झुकू द्यावे, पण आकडा वाकवू नये.

२०२३ साली आलेली दुसरी चाचणी वेगळ्या वजनाची आहे. औषध लिग्नोकेन, दवाखान्यात ज्याला सगळे झायलोकेन म्हणतात आणि दात काढताना जे हिरडीत टोचतात तेच. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले, पेटंटची मुदत केव्हाच सरलेले. रुग्ण पूर्ण भुलीखाली असते, त्यामुळे इथे ते वेदनेसाठी नाही. अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण गाठीच्या सहाही बाजूंना सोडायचे, सात ते दहा मिनिटे थांबायचे, मग गाठ काढायची. कल्पना अशी की कॅन्सरपेशींच्या आवरणातही मज्जापेशींसारखी सोडियमची दारे असतात, आणि ती बंद केली तर हाताळणीच्या वेळी पेशींची हालचाल मंदावेल. २०११ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या जानेवारीपर्यंत, देशातल्या अकरा केंद्रांत, १,६०० स्त्रियांची चिठ्ठीने वाटणी झाली. पाच वर्षांनी रोगमुक्त ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६, हयात ९०.१ विरुद्ध ८६.४. औषधाचा अपाय एकीलाही नोंदला गेला नाही.

या वेळी मुख्य प्रश्नाचेच उत्तर ‘हो’ आहे. म्हणून या निबंधाकडे अधिक कडक नजरेने पाहायला हवे. दुसऱ्या गटाला मिठाचे पाणी टोचले नव्हते, थेट शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे गुण लिग्नोकेनचा की गाठीभोवती द्रव भरल्याने बदललेल्या हाताळणीचा, हे वेगळे करता येत नाही. सर्जनला गट माहीत होता. मृत्यू मात्र कोणाला गट माहीत आहे म्हणून टळत नाही, तेव्हा हा आक्षेप अर्धाच लागू पडतो. धोक्यातली घट २६ टक्के सांगितली जाते. खरा आकडा ४२ ते ५ टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो असे निबंधच म्हणतो, आणि खालचे टोक शून्याच्या फार जवळ आहे. ज्यांना आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया केली जाते, अशा स्त्रिया या चाचणीत नव्हत्या, आणि आज त्यांची संख्या मोठी आहे. शिवाय सेसलरच्या चाचणीतही बधिर करणारेच औषध होते, पण कण्याशेजारी, आणि तिथे काही साधले नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये शिरेतून लिग्नोकेन देऊन ५६३ रुग्णांवर चीनमध्ये चाचणी झाली, तिथेही आयुष्य वाढले नाही. औषध गाठीला प्रत्यक्ष भिडले तरच उपयोग, असा याचा अर्थ असू शकेल. किंवा परळचा निकाल थोडासा दैवाच्या बाजूने पडला, असाही.

याचा निवाडा लावायला तीन गट हवेत: लिग्नोकेन, मिठाचे पाणी आणि काहीच नाही. हजारो स्त्रिया हव्यात आणि निदान पाच वर्षे हवीत. काही रुपयांच्या औषधासाठी हा खर्च कोणती औषधकंपनी करील? परळचे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे, म्हणून तिथे दहा वर्षे धीर धरता आला. दुसऱ्या देशांतल्या सरकारी निधीवाल्यांनी तो धरावा, एवढे कारण या निबंधाने नक्की दिले आहे. तोवर भारतातल्या एखाद्या सर्जनने ते वापरले तर मी आक्षेप घेणार नाही. अपाय नाही, खर्च नाही, वेळ दहा मिनिटे. वापरले नाही तर हलगर्जी म्हणणार नाही.

हे दुसरे वाक्य मुद्दाम लिहिते आहे. बातमी आल्यानंतर ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. त्यांची शस्त्रक्रिया २०१९ मध्ये झाली होती, इंजेक्शन दिले गेले नव्हते, आणि आपले काहीतरी कायमचे हुकले असे त्यांनी मनाशी धरले होते. मी त्यांना दुसऱ्या गटाचा आकडा वाचून दाखवला: काहीही न टोचलेल्या शंभरातल्या ८२ ते ८३ जणी पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या, टोचलेल्या शंभरातल्या ८६ ते ८७. फरक शंभरांत चौघींचा. म्हणजे पंचवीस जणींना टोचले तर एकीचा रोग उलटायचा टळतो आणि उरलेल्या चोवीस जणींच्या बाबतीत एरवी जे व्हायचे तेच होते. त्यांनी आकडे परत एकदा सांगायला लावले, वहीत लिहून घेतले, आणि हे मराठीत कुठे छापून आले आहे का, म्हणजे मुलीला वाचायला देता येईल, असे विचारले.